पट्टा पडल्यावरचं गॅदरिंग

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात दिवाळी झाली की वर्गाचा पट फक्त हजेरीपत्रकावर उरतो. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ उचल आधीच घेऊन झालेली असते. टोळ्या ट्रकमध्ये बसतात आणि सातारा, कोल्हापूर, कर्नाटकाकडं जातात. काही लेकरं आईबापांसोबत उसाच्या फडावर जातात, काही आजीजवळ राहतात. राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृह असतं. दुपारी शाळेची खिचडी, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळा व्यवस्थापन समितीनं बघायचं आणि झोपायला आजीच्या घरी. आणि आमच्या शाळेचं गॅदरिंग, सगळ्या जगाचं असतं म्हणून, नेमकं जानेवारीत.

ती जानेवारीतली गॅदरिंगं मला अजून दिसतात. फळके काढलेल्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावायच्या, वर ताडपत्री टाकायची, झाला स्टेज. पडद्याला गावातल्याच साड्या. रंगवायचं काम अंगणवाडीच्या ताईंकडं. त्यांचा हात इतका सढळ की सगळी लेकरं एका आईची वाटायची. पुढच्या रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींना विचारायच्या, "आमचा कोणचा गं?" मग ट्रॉलीवरूनच एखादा नाच सोडून हात हलवायचा, "आज्ये, म्या हितं!" लाइट तर हमखास जायची. तेव्हा ट्रॅक्टरचे दिवे स्टेजवर सोडायचे आणि पोरी बिनसंगीताचं गाणं म्हणत नाच पुरा करायच्या. टाळ्या त्यांनाच जास्त पडत.

प्रमुख पाहुण्यांची भाषणं मात्र मी मुख्याध्यापिका झाल्याबरोबर कमी केली. थंडीत फ्रॉक घालून कुडकुडणाऱ्या पोरांना मागं उभं करून शिक्षणाचं महत्त्व सांगणाऱ्या माणसाला शिक्षणातलं काय कळतं, हा माझा जुना प्रश्न आहे. सत्कार एकच, आणि तोही पोरांचे कार्यक्रम संपल्यावर. यावरून एक-दोन माणसं रुसली, पुढच्या वर्षी आली.

प्रशिक्षणं मी पुष्कळ केली. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून शिकतं या विचाराच्या, नावानं आम्ही वर्गाच्या फरश्या रंगवल्या, आणि त्यातलं बरंचसं कामाचंही होतं. पण वाचायला कसं शिकवावं हे मला कळलं ते त्याच्याही आधी, त्या साड्यांच्या पडद्यामागं. तिसरीतला एक मुलगा, पुस्तक पुढं धरलं की घाम फुटायचा. नाटुकल्यात त्याला दोन वाक्यांचं काम होतं. तालमीत बघते तर याला सगळ्यांचेच संवाद पाठ! कुणी अडलं की हा आडून सांगणार, वर कसं म्हणायचं तेही दाखवणार. दुसऱ्या दिवशी मी त्याचीच वाक्यं, त्याच्याच तोंडच्या बोलीत, फळ्यावर लिहिली. पुढं काय येणार हे ठाऊक असल्यामुळं तो अक्षरांवर बोट ठेवत वाचत गेला. मधला एक शब्द मी मुद्दाम बदलला, तर थांबला आणि म्हणाला, "बाई, हे आसं नव्हतं." तो अडखळला तो त्याच जागी, याचा मला केवढा आनंद झाला!

आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत मी हे सांगितलं तेव्हा एका सरांनी प्रमाणभाषेचा मुद्दा काढला. मी म्हटलं, वहीत प्रमाणभाषा शिकवूच, स्टेजवर 'कामून' आणि 'कव्हा' राहू द्या. त्यानंतर आम्ही नाटुकली विकत आणली नाहीत. पोरं सांगायची, आम्ही लिहायचो. पुढं पुढं पोरंच लिहू लागली. ते सर नंतर माझ्याकडून एक संहिता घेऊन गेले, हे आपलं जाता जाता.

तारखेचं मात्र माझ्या मनात सलत होतं. पोरं नाचतात आणि बघणाऱ्यांत आईबापच नाहीत. मार्चअखेरीला, पाडव्याच्या आगेमागे, साखर कारखान्यांचा पट्टा पडतो, म्हणजे गाळपाचा हंगाम संपतो, आणि टोळ्या गावाला लागतात. गॅदरिंग तेव्हाच घेऊ, असं मी शिक्षकांच्या बैठकीत मांडलं. "मॅडम, परीक्षेच्या तोंडावर नाचगाणी?" हा पहिला प्रश्न. मग ऊन, मग पाणी. उन्हाळ्यात आमच्या गावाला टँकर. आदेश काढून हे झालंही असतं, पण तालीम घेणार होते तेच लोक. दोन बैठका नुसत्या वादात गेल्या. शेवटी ठरलं की तालीम फक्त शेवटच्या तासाला, कार्यक्रम दिवस मावळल्यावर आणि पाण्याचं सरपंचांनी बघायचं.

त्या वर्षी आईबाप आले ते थेट कुंपणाच्या भिंतीशी उभे राहिले. माईकवरून किती बोलावलं तरी ताडपत्रीवर बसेनात. फडावरून परतलेल्या लेकरांना तालमीला वेळच मिळाला नव्हता, त्यांना काय द्यावं हा आमच्यापुढं प्रश्न होता. त्यातली एक मुलगी कर्नाटकातून आली होती. मी विचारलं, तिकडं काय शिकलीस? ती कानडीत अंक म्हणू लागली. तेच तिला स्टेजवर म्हणायला लावलं. "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु..." भिंतीजवळून हसण्याचा आवाज आला आणि मग तिकडची माणसंही तिच्याबरोबर मोजू लागली. मोळ्या मोजून मोजून त्यांना ते अंक पाठच होते. वीसपर्यंत पोहोचेपर्यंत निम्मे लोक पुढं येऊन बसले होते. त्या हंगामात शाळा बुडवणारी म्हणून जिची नोंद होती, तिच्यासाठी लोक 'आणखी म्हण, आणखी म्हण' ओरडत होते.

बक्षिसांचीही एक रीत बदलली. पूर्वी माईकवर नावापुढं रक्कम वाचली जायची. मुकादमाचे ५०१, मग उतरत उतरत कुणाचे तरी ११. मी रक्कम वाचणं बंद केलं, नुसती नावं वाचायची. "रक्कम वाचल्याशिवाय पैसे कोण देतंय?" असं सगळे म्हणत होते आणि ते खरंच निघालं, पहिल्या वर्षी जमा कमी झाली. देणारी नावं मात्र वाढली. ती यादी वाचायला इतका वेळ लागला की साऊंडवाला वायर गुंडाळायला लागला.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर हिशोब वाचायचा, हेही तेव्हापासून सुरू केलं. एका वर्षी सगळं वाचून झाल्यावर मागून एक आजी म्हणाल्या, "बाई, मांडवाचं औंदा इतकं कामून वाढलं? बल्ल्या तर तेवढ्याच व्हत्या." मी पावती दाखवली. त्या म्हणाल्या, "पावती आसंल. बल्ल्या म्या मोजल्यात." मांडववाला तिथंच होता, त्यानं मुकाट्यानं पैसे कमी केले.

शिक्षण हक्क कायद्यानं व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. बायका मिळत नाहीत, सगळ्या फडावर जातात, ही आमची नेहमीची अडचण. नातवंडांच्या पालक म्हणून त्या आजींचं नाव पुढच्या निवडीत आलं. सही शिकायला त्यांना पंधरवडा लागला, आणि त्यानंतर मांडवाचा भाव ठरवायला मी कधी गेले नाही, त्याच गेल्या.