निळा डगला, पिवळे मोजे

गेले काही दिवस रात्री झोपण्यापूर्वी क्राइस्ट्स हॉस्पिटल या इंग्लंडमधील जुन्या निवासी शाळेविषयी वाचतो आहे. लंडनमधील अनाथ व निराधार मुलांसाठी ती १५५२ साली, सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, न्यूगेट स्ट्रीटवरील ग्रेफ्रायर्स या ख्रिस्ती साधूंच्या मठात सुरू झाली. तिथल्या साधूंना आठव्या हेन्रीने आधीच बाहेर काढले होते. लांब निळा डगला, कमरेला कातडी पट्टा, गुडघ्यापर्यंत पिवळे मोजे आणि गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या हा तिथला वेश आजही जवळपास तसाच आहे. मुळात तो धर्मादायाचा वेश; हे मूल कोणाच्या अन्नावर वाढते आहे, ते लांबूनच दिसे.

मन रेंगाळते ते मात्र १७८२ साली तिथे दाखल झालेल्या दोन मुलांपाशी. एक पुढे निबंधकार झालेला चार्ल्स लॅम, दुसरा पुढे कवी झालेला सॅम्युअल टेलर कोलरिज. लॅमचे घर जवळच, टेम्पल या लंडनमधील वकिलांच्या वस्तीत होते. त्याची आत्या घरून गरम मांस घेऊन येई आणि ओवरीच्या कोपऱ्यात दगडावर बसून ते त्याच्यापुढे उघडी. आत्यावरची माया, तिने असे अन्न घेऊन येण्याची लाज, ज्यांना त्यातले काही देता येत नसे त्या सोबत्यांविषयीचा कळवळा आणि या सगळ्यांवर मात करणारी भूक, हे सारे लॅमने पुढे लिहून ठेवले आहे. कोलरिजचे घर दूर डेव्हनमध्ये, आणि वडील आदल्याच वर्षी वारलेले. अशा मुलांना सुटीचा दिवस म्हणजे रस्तोरस्ती भटकत, दुकानांतली चित्रे बाहेरून पाहत कसाबसा ढकलायचा दिवस.

पुढे कोलरिज केंब्रिजला गेला. घरचे खाऊन वाढलेला लॅम बोलताना अडखळे, म्हणून त्याची विद्यापीठाची वाट बंद झाली. तो १७९२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत कारकून झाला आणि १८१८ मध्ये कंपनीने पेशवाई बुडवली तेव्हाही तिथेच हिशेबाच्या वह्या लिहीत होता! हा योग वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटूनच बसलो.

शाळा १९०२ मध्ये ससेक्समधील हॉरशॅमला हलली. हर्टफर्डची मुलींची शाखाही १९८५ मध्ये तिथे आली. दुपारच्या जेवणाला मुले बँडच्या तालावर शिस्तीत भोजनगृहात जातात. फी पालकांच्या उत्पन्नावर ठरते, त्यामुळे पूर्ण फी भरणारा कोण आणि फुकट शिकणारा कोण, हे डगल्यावरून ओळखू येत नाही. सुटीनंतर परत आलेल्या मुलांच्या गप्पांतून मात्र ते अजूनही कळत असणार, असे मला वाटते.