कॅन्सर आहे, पण औषध आत्ता नाही

बाबांच्या मानेतली गाठ दुखत नव्हती म्हणून आम्ही कुणी मनावरच घेतली नाही, मग बायोप्सी झाली आणि रिपोर्ट आला, फोलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक कॅन्सर, स्टेज ३. आणि डॉक्टर म्हणाले आत्ता काही द्यायचं नाही, तीन महिन्यांनी या. कॅन्सर आहे आणि घरी जा? मला रात्रभर वाटत राहिलं की यांनी आशा सोडलीये आणि आपल्याला सांगत नाहीयेत.

नंतर वाचत गेले, विचारत गेले. आपल्या शरीरातल्या बी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) काम झालं की मरतात, तसं ठरलेलंच असतं. या आजारात बहुतेक पेशंट्समध्ये १४ आणि १८ नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीएल-२ नावाचं प्रोटीन नको तितकं तयार व्हायला लागतं, ते पेशीला मरूच देत नाही. म्हणजे पेशी झपाट्याने वाढतायत असं नाही, त्या जायचं नाव घेत नाहीत म्हणून हळूहळू साठत जातात. केमोचा मार बसतो तो मुख्यतः भराभर वाढणाऱ्या पेशींना, त्यामुळे हा आजार औषधाने दबतो, वर्षानुवर्षं दबून राहतो, पण बहुतेक वेळा परत येतो. हे समजलं तेव्हा कुठे डॉक्टरांचं ते 'वॉच अँड वेट', म्हणजे औषध न देता नुसतं लक्ष ठेवणं, डोक्यात शिरलं. त्रास नसताना औषध लवकर सुरू केलं म्हणून माणूस जास्त जगतो असं ट्रायल्समध्ये दिसलेलं नाही. काहींच्या गाठी तर काही न करता लहान होतात! आणि स्टेज ३ ऐकून घाबरू नका, हा आजार बऱ्याच जणांना तिसऱ्या-चौथ्या स्टेजलाच कळतो.

पण लक्ष ठेवायचं म्हणजे खरंच ठेवायचं. सतत ताप, रात्री कपडे भिजतील असा घाम, ६ महिन्यांत १० टक्क्यांहून जास्त वजन उतरणं. आणि एखादी गाठ अचानक झपाट्याने वाढली तर तारखेची वाट बघायची नाही, कारण काही जणांमध्ये हा आजार जोरात वाढणाऱ्या लिम्फोमात बदलतो, तेव्हा पुन्हा बायोप्सी लागते.

गरज पडलीच तर रिटुक्सिमॅब नावाचं औषध आहे, १९९७ पासून वापरात असलेलं. ते सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट करतात, जुना दबलेला व्हायरस परत जागा होऊ शकतो म्हणून. बाबा म्हणतायत ती टेस्ट आत्ताच करून टाकूया का, पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारणारे मी.