फिल्टर मिळेपर्यंतचे ४१ दिवस

‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे.’ हा मेसेज मला तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा आमच्या एअर प्युरिफायरचा फिल्टर आलेला नव्हता. आता नवा फिल्टर लागून दोन महिने होत आले, आई रात्रभर शांत झोपते, तरी तो मेसेज आठवला की अजून डोकं तापतं.

आम्ही घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या पुढे, चौथ्या मजल्यावर राहतो. समोर मेट्रोचं काम, आणि गुजरातकडे जाणारे ट्रक-कंटेनर रात्रभर चालूच. सकाळी पुसलेल्या ग्रिलवर संध्याकाळी बोट फिरवलं की बोट काळं. आईला दमा आहे, म्हणून तीन वर्षांपूर्वी तिच्या खोलीसाठी एअर प्युरिफायर घेतला. घेताना खोलीचं माप, आवाज, वीज, सगळं विचारलं. फिल्टर कुठे मिळतो, केवढ्याला आणि किती दिवसांत, एवढंच विचारलं नाही. तुम्ही मशीन घेणार असाल तर दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा.

डिसेंबरात फिल्टरचा लाल दिवा लागला. आमच्या मशीनमध्ये तो दिवा नुसते तास मोजून लागतो, फिल्टर खरोखर किती भरलाय ते त्याला कळत नाही. म्हणून मागचं झाकण काढून बघितलं. पांढऱ्या घड्या उंदराच्या रंगाच्या झाल्या होत्या आणि वास शोषणाऱ्या कार्बनच्या थराला जुन्या फडक्यासारखा वास येत होता. आधी खोली बंद केली की अर्ध्या तासात मशीनवरचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा २० च्या खाली यायचा. आता दोन तास झाले तरी ५५. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीची मर्यादाच दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. तेवढ्यासाठी मशीन कशाला चालवायचं?

कस्टमर केअरला फोन केला. ‘मॅडम, ४८ तासांत होऊन जाईल.’ तिसऱ्या दिवशी एका मुलाचा फोन आला: ‘मॅडम, हॅपी कोड आलाय ना मोबाइलवर? सांगा, म्हणजे ऑर्डर पुढे जाईल.’ मी सांगितला. दोन मिनिटांत मेसेज: निराकरण झाले आहे. तो कोड काम पूर्ण झाल्यावर द्यायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. वस्तू हातात येऊन बसवून होईपर्यंत तो कोड कुणालाही देऊ नका, समोरचा कितीही गोड बोलला तरी.

पुन्हा फोन केला तर जुनी तक्रार बंद झालेली, त्यामुळे नवा नंबर, नवा माणूस, आणि सगळं पहिल्यापासून. मॉडेल नंबर, बिलाचा फोटो, मशीनखालच्या स्टिकरचा फोटो. त्या आठवड्यात मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना एक फोन आला, तो उचलता आला नाही. तक्रार बंद, कारण काय, तर ‘ग्राहक उपलब्ध नाही’. एका फोनवर!

बाराव्या दिवशी अर्धी रजा टाकून वागळे इस्टेटमधल्या सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन घेतलं, पावणेदोन तास बसले. काउंटरवरच्या मुलाच्या मागे रॅकवर फिल्टरचे खोके रचलेले दिसत होते. ‘ते दुसऱ्या मॉडेलचे, मॅडम. तुमचा भिवंडीच्या गोदामातून येतो. पैसे भरून ठेवा, आठ दिवसांत फोन येईल.’ पैसे भरले, पावती घेतली. आठ दिवसांनी फोन नाही, तिसऱ्यांदा तोच मेसेज मात्र आला. त्या रात्री आईला दोनदा नेब्युलायझर लावावा लागला. ‘अगं, राहू दे ते मशीन, खिडकी तरी उघड,’ ती म्हणत होती, आणि खाली ट्रकची रांग लागलेली. त्या काउंटरवरच्या मुलाला हे दिसायला हवं होतं.

घाईघाईत विसाव्या दिवशी मी ऑनलाइन आमच्या मशीनला ‘चालणारा’ असा स्वस्तातला फिल्टर मागवला. वर ‘हेपा टाइप’ लिहिलेलं. या ‘टाइप’ शब्दाला भुलू नका. खरा हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवणारा, किंवा युरोपच्या मोजणीत एच १३. ०.३ चाच आकडा का, तर त्या आकाराचे कण पकडायला सगळ्यांत अवघड. त्याहून बारीक कण सरळ रेषेत जात नाहीत, भरकटत तंतूंना चिकटतात. ‘टाइप’ म्हटलं की यातलं कुठलंच वचन बंधनकारक नाही.

बसवला तर वरच्या बाजूला फट. माझं व्हिजिटिंग कार्ड आरपार सरकलं. टिश्यूपेपरची बारीक पट्टी फटीशी धरली, तर मशीन सुरू होताच ती आत ओढली गेली. म्हणजे हवा फिल्टरमधून न जाता बाजूनं पळत होती. कडेची फोमची पट्टी सगळीकडे घट्ट बसली नाही तर आतला कागद कितीही भारी असो, उपयोग शून्य. पॅकिंग फोडलं म्हणून तो परतही घेईनात.

शेवटी तेहतिसाव्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पावती, तिन्ही मेसेजचे स्क्रीनशॉट, कॉलच्या तारखा, सगळं जोडलं. तीच तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलनं पाठवली. त्याचं नाव-पत्ता वेबसाइटच्या तळाशी असतो. त्यानंतर पाचव्या दिवशी कंपनीचा स्वतःहून फोन आला, एकेचाळिसाव्या दिवशी फिल्टर दारात. हे मी पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं. तुम्ही तेहतीस दिवस थांबू नका.

खोका फोडायच्या आधी आयातदाराचा पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष बघून घेतलं. आणि हो, फिल्टरवरचं प्लास्टिक काढा! आमच्या मजल्यावरच्या काकांनी तीन आठवडे प्लास्टिकसकट मशीन चालवलं. हवेच्या दिशेचा बाण असेल तर तो बघूनच बसवा. मग रिसेटचं बटण लाल दिवा विझेपर्यंत दाबून धरा, आमच्याकडे पाच सेकंद लागले.

धुवायची फक्त बाहेरची जाळी. मी दर दुसऱ्या रविवारी व्हॅक्युमचा ब्रश फिरवते, महिन्यातून एकदा नळाखाली धुते आणि पूर्ण सुकल्याशिवाय लावत नाही. हेपा धुवायचा नाही. बऱ्याच घरगुती फिल्टरच्या तंतूंवर विद्युतभार असतो, साबणाच्या पाण्यानं तो उतरतो. दिसायला स्वच्छ, कामाला गेलेला. कार्बनचंही तसंच, धुऊन किंवा उन्हात ठेवून तो नवा होत नाही. तुमच्याकडे धुळीपेक्षा वासाचा त्रास जास्त असेल, कोपरखैरणे-तळोज्याकडे रात्री येतो तसा, तर कार्बनचा नुसता काळा स्पंज घेऊ नका, दाणे भरलेला घ्या. हेपा वास अडवत नाही.

एक राहिलंच. आकडा उगाच वर-खाली व्हायला लागला तर आधी सेन्सरचं छोटं झाकण उघडून भिंगावर कोरडा इअरबड हलकेच फिरवा. आमचा आकडा नव्या फिल्टरनंतरही ४० वर अडकला होता, तो यानं खाली आला.

नव्या फिल्टरच्या चौकटीवर मार्करनं तारीख लिहिली आहे. पुढचा फिल्टर ऑक्टोबरात, लाल दिवा लागायच्या आधीच मागवणार आहे. परवा त्या सर्व्हिस सेंटरमधून फोन आला होता, दहापैकी किती गुण द्याल म्हणून. मी एक दिला, आणि का दिला ते त्या मुलीला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.