एच-बीटाची रुंदी: वजाबाकी आणि वेळ

वातावरणीय दाबाच्या आर्गॉनमध्ये १० नॅनोसेकंदांच्या पल्सने ठिणगी पडली, की इलेक्ट्रॉन घनता प्रति घनसेंटिमीटर १०^१५ ते १०^१६ पर्यंत सहज जाते. ती मोजायला तिथे ९४ गिगाहर्ट्झचा इंटरफेरोमीटर (प्लाझ्मातून, म्हणजे आयनित वायूतून, लहर पाठवून घनता काढणारं उपकरण) निकामी, कारण १.१ × १०^१४ च्या वर त्याची लहर प्लाझ्मात शिरतच नाही. लँगम्यूर प्रोबचं (प्लाझ्मात खुपसायच्या तारेचं) तर नावच नको. मग आर्गॉनमध्ये १ टक्का हायड्रोजन मिसळायचा आणि त्याच्या प्रकाशातली ४८६.१ नॅनोमीटरची एच-बीटा रेषा बघायची; तिच्या रुंदीवरून घनता निघते. हायड्रोजन याहून फार वाढवला तर डिस्चार्जच बदलतो.

भोवतालच्या इलेक्ट्रॉन आणि आयनांच्या विद्युतक्षेत्रामुळे ही रेषा रुंदावते (ही स्टार्क रुंदी). गिगोसोस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दिलेलं सूत्र सोपं आहे: अर्ध्या उंचीवरची रुंदी (नॅनोमीटर) = ४.८ × (घनता / १०^१७)^०.६८१. म्हणजे १०^१५ ला ०.२१ आणि १०^१६ ला १ नॅनोमीटर. घोळ होतो तो मोजलेली रुंदी थेट या सूत्रात घातल्यामुळे.

समजा, मोजलेली रुंदी ०.२८ आली. स्पेक्ट्रोमीटरची स्वतःची रुंदी ०.०५ (कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्याची ४३५.८ ची रेषा त्याच स्लिटने घेऊन ती काढावी), १००० केल्विनला डॉप्लर रुंदी (अणूंच्या उष्ण हालचालीमुळे येणारी) ०.०११. या दोन्ही गॉसियन (घंटेच्या आकाराच्या), त्यांचे वर्ग बेरजेत जातात. लॉरेंझियन (लांब पंखांच्या, म्हणजे पसरट कडांच्या आकाराचा) भाग = ०.२८ − (०.०५² + ०.०११²)/०.२८, म्हणजे ०.२७. यातून व्हान डर वाल्सचा (शेजारच्या तटस्थ अणूंमुळे येणाऱ्या रुंदीचा) वाटा, धरा ०.०६, सरळ वजा, उरले ०.२१, घनता १ × १०^१५. काहीच वजा केलं नसतं तर १.५ × १०^१५ आली असती. व्हान डर वाल्सचा आकडा वायूच्या तापमानावर हलतो, तेव्हा तापमान आधी मोजलेलं हवं. १०^१४ ला स्टार्क रुंदी जेमतेम ०.०४ उरते, तिथे या पद्धतीवर विसंबू नये.

पल्समध्ये खरी डोकेदुखी वेळेची. आयसीसीडी कॅमेऱ्याचा (प्रकाश वाढवून टिपणाऱ्या जलद कॅमेऱ्याचा) गेट, म्हणजे उघडा राहण्याचा वेळ, ५ नॅनोसेकंदांचा ठेवला तर एका पल्सचा प्रकाश पुरत नाही, हजारो पल्स साठवावे लागतात. ठिणगी पडण्याची वेळ २०-३० नॅनोसेकंद मागेपुढे होत असेल तर निरनिराळ्या घनतांची रेषा एकावर एक चढते: टोक अरुंद, पंख रुंद. फिट (मोजलेल्या रेषेवर बसवायचा वक्र) बसत नाही म्हणून दोन लॉरेंझियन लावणारे भेटतात. आधी ट्रिगर (कॅमेऱ्याला उघडायचा इशारा) तपासा. उपाय असा, की ट्रिगर डिस्चार्जच्या विद्युतप्रवाहावरून घ्यायचा. कॅमेऱ्याला उघडायला काही दहा नॅनोसेकंद लागतात, तोवर प्रकाश थोपवायला २० मीटर ऑप्टिकल फायबर: सुमारे ९७ नॅनोसेकंद मिळतात. कोॲक्स केबलचेही मीटरमागे ५ नॅनोसेकंद हिशेबात धरावेत.

फिटसाठी तरंगलांबीची खिडकी निदान ८-१० रुंदींएवढी घ्या. पंख कापले गेले की फिट पार्श्वभूमी वर उचलतो आणि घनता कमी दाखवतो. हवेत मात्र नायट्रोजनच्या ४९१.७ च्या पट्ट्याची शेपटी नेमकी याच भागात येते. जास्त घनतेला एच-बीटाच्या माथ्यावर खाच दिसते. ती रेषेची मूळ ठेवण आहे, कॅमेऱ्याचा दोष नव्हे.

पडताळ्यासाठी त्याच गेटला एच-अल्फा (हायड्रोजनचीच दुसरी रेषा) घ्यावी. तिची घनता सतत जास्त येत असेल तर बहुधा स्वशोषण (हायड्रोजनने आपलाच प्रकाश पुन्हा शोषणं) आहे. हायड्रोजन अर्ध्यावर आणून पुन्हा मोजा.