वस्तादांची लॅमिनेट केलेली चिठ्ठी

मंगळवार पेठेत गेली 19 वर्षे माझे औषधांचे दुकान आहे. आजूबाजूला तालमी असल्यामुळे गुडघे, खांदे आणि कंबर यांसाठीच्या गोळ्यांचा खप माझ्याकडे सर्दी-तापाच्या गोळ्यांपेक्षा अधिक आहे.

शौचातून रक्त पडते, हे वाक्य माझ्या काउंटरवर कोणी पूर्ण बोलत नाही. गर्दी ओसरेपर्यंत माणूस बाजूला उभा राहतो, मग हलक्या आवाजात मूळव्याधीचे मलम मागतो आणि नळी कागदात गुंडाळून खिशात घालतो. निदान त्याने स्वतःच केलेले असते, नाहीतर रस्त्याकडेच्या एखाद्या पाटीने. शौचानंतर लालभडक थेंब पडत असतील, तर ते बहुतेक वेळा मूळव्याधीचे किंवा गुदद्वाराच्या भेगेचे असतात, हे खरे आहे. परंतु रक्त विष्ठेत मिसळून येत असेल, ते गडद असेल, सोबत शेम पडत असेल, शौचाची नेहमीची वेळ आणि घडण बदलली असेल, वजन उतरले असेल किंवा वय चाळिशीपुढे असेल, तर मलमाची नळी विकणे म्हणजे दुर्बिणीची तपासणी सहा महिने पुढे ढकलणे होय. बीट खाल्ल्याने शौच लाल दिसू शकते. तांबड्या रश्श्याने मात्र आग होते, शौच रक्तासारखे लाल होत नाही, हे कोल्हापुरात कोणालाही पटत नाही. या विषयावर मी गिऱ्हाइकांना इतके ऐकवत आलो आहे की, या बाबतीत आपल्या नजरेतून काही सुटणार नाही, असा माझा समज झाला होता.

ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांना सगळी पेठ वस्ताद म्हणते. वय 68, हृदयात स्टेंट बसवलेला आणि त्यामुळे रोज 75 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू. त्यांच्या गुडघ्यांसाठी एका डॉक्टरांनी कधीतरी पाच दिवसांसाठी डायक्लोफिनॅक ही दुखणे कमी करणारी गोळी लिहून दिली होती. ती चिठ्ठी वस्तादांनी लॅमिनेट करून घेतली होती. पाच दिवसांची चिठ्ठी अशी अमर करणारे ते एकटेच नाहीत, आणि अशी चिठ्ठी पाहूनही पट्टी कापून देणारा मीही एकटा नाही. ही गोळी चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. चिठ्ठी तर समोर होती, एवढे समाधान आम्हा धंदेवाल्यांना पुरते.

त्या सोमवारी सकाळी वस्ताद दुकानाच्या पायरीवर बसले, वर चढलेच नाहीत. "पित्ताची गोळी दे रं," म्हणाले. कपाळावर घाम होता. मी बाहेर येऊन मनगट धरले, तर हात गार आणि नाडी मिनिटाला 118. जीभ पांढुरकी होती. उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, असे त्यांनी सांगितले. मी आवाज खाली आणून शौचाचा रंग विचारला.

"काळी हुती की. ती लोखंडाची गोळी तूच दिलीस न्हवं? तूच म्हणालास, काळी हुईल म्हणून."

मी खरोखरच तसे म्हणालो होतो. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळपट-हिरवट होते, पण ते बांधलेले असते. म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला, जो तीन आठवड्यांपूर्वी विचारायला हवा होता.

"डांबरागत. पाणी वतलं तरी जात न्हाई. आन् वास असा, की घरातली नाक धरत्यात."

हे रक्त होते. जठरात किंवा त्याच्या लगेच पुढच्या आतड्यात सांडलेले रक्त पचत खाली येते, तेव्हा ते लाल राहत नाही; काळे, चिकट आणि उग्र वासाचे होते. रिक्षावाल्याने "सीपीआरला घिऊ काय?" असे इथल्या सरकारी रुग्णालयाचे नाव घेऊन विचारले आणि मी दुकान पोराच्या स्वाधीन करून वस्तादांशेजारी बसलो. हिमोग्लोबिन 6.4 निघाले. रक्ताच्या पिशव्या लावल्या गेल्या. दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण दिसला आणि त्यातील वाहत्या रक्तवाहिनीला तिथेच इंजेक्शन देऊन चिमटा लावण्यात आला.

रात्री दुकान बंद केल्यावर मी संगणकात त्यांची बिले काढून पाहिली. दिवाळीपासून दर महिन्याला डायक्लोफिनॅकच्या तीन पट्ट्या आणि ॲस्पिरिन. ही दोन्ही औषधे जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी द्रव्ये कमी करतात, आणि हा परिणाम रक्तातून होत असल्यामुळे गोळीवर आवरण असले काय किंवा सुई टोचून घेतली काय, धोका टळत नाही. फेब्रुवारीत पित्ताच्या गोळ्या, त्याही चारच दिवसांच्या. मार्चमध्ये "दम लागतोय, अंगात ताकद न्हाई" म्हणून टॉनिक. एप्रिलमध्ये लोहाच्या गोळ्या, माझ्या सल्ल्याने. म्हणजे रक्त झिरपत होते म्हणून थकवा आला, थकवा आला म्हणून मी लोह दिले आणि लोह दिल्यामुळे त्या काळ्या रंगाला आयते कारण मिळाले. यातले एकेक बिल मी आजही कोणासमोर समर्थनीय ठरवू शकेन. ती सगळी एकाखाली एक वाचली, तेव्हा मात्र मला खुर्चीवरून उठवेना.

रुग्णालयात एक तरुण डॉक्टर माहिती लिहून घेत होते. गुडघ्याच्या गोळ्या इतके महिने कोणी दिल्या, असे त्यांनी विचारले. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. वस्तादांनी माझ्याकडे न पाहता सांगितले, "माझी मीच घेतली." मी काही बोललो नाही. त्या गप्प राहण्याचा हिशेब अजून लागलेला नाही.

ती चिठ्ठी वस्तादांच्या मुलाने नंतर माझ्याकडे आणून दिली. ती गल्ल्यात आहे. गेल्या आठवड्यात एक तरुण आईच्या गुडघ्यांसाठी तीच गोळी मागत आला. आईला हृदयाची औषधे चालू आहेत का, शौच काळे होते का, असे मी विचारले. रांगेतली माणसे हसली, तो ओशाळला आणि काही न घेता उतरला. समोरच्या दुकानातून पट्टी खिशात टाकून त्याने गाडी सुरू केली, ते मला काउंटरवरून दिसले.