जेनोआतला लाल ५७

शिपवर थर्ड इंजिनिअर होतो तेव्हाची गोष्ट. इटलीत जेनोआला कंटेनर उतरवायला धक्क्याला लागलो होतो, सकाळी जनरेटरचं काम उरकलं आणि बडा साब, म्हणजे चीफ इंजिनिअर, म्हणाले जा, पण १८०० ला, म्हणजे संध्याकाळी सहाला, गँगवेवर, जहाजाच्या शिडीवर, दिसला पाहिजेस. सोबत आमचे फिटर काका, हर्णैचे. आदल्या रात्री लेथजवळ पडून त्यांच्या चष्म्याची काच फुटलेली आणि चष्म्याशिवाय फिटर काय कामाचा, त्यामुळे फिरणं नंतर, आधी चष्मा. गेटवरच्या माणसाने दुकानाचा पत्ता कागदावर लिहून दिला, ५७ आणि पुढे छोटासा आर. मला वाटलं पेन घसरलं असेल.

बाहेर पडल्या पडल्या लँटेर्ना, १५४३ मधलं दीपगृह, ७७ मीटर उंच. काका मला, म्हणजे थर्ड इंजिनिअरला, तीन साब म्हणायचे. म्हणाले, "तीन साब, हे बघून ठेवा, चुकलो तर कामाला येईल." कसलं काय! जुन्या गावातल्या गल्ल्या, कारुज्जी म्हणतात त्यांना, इतक्या अरुंद की काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात, वर सहा-सात मजली घरं आणि मध्ये आभाळाची एक चिंधी. दीपगृह कुठलं दिसतंय, मोबाईलवरचा निळा ठिपकासुद्धा भिंतीतून चालायला लागला.

शेवटी ५७ सापडला. बंद दार, दुकानाचा पत्ता नाही, तरी मी बेल दाबली. कोणी येईना म्हणून परत दाबली. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडून एक आजी जी सुरू झाली, एक शब्द कळत नव्हता पण सूर अगदी ओळखीचा, दुपारची झोपमोड झाल्यावर आमच्या आळीतही हाच लागतो. मी कागद हलवून दाखवला तर ओरडली, "रोस्सो! रोस्सो!"

कोपऱ्यावरच्या सिगरेटवाल्याने मोडक्या इंग्लिशमध्ये उलगडा केला. या शहरात घरांना काळे नंबर आणि दुकानांना लाल, दोन्हींची मोजणी वेगळी. म्हणजे एकाच गल्लीत ५७ दोनदा! रोस्सो म्हणजे लाल आणि तो आर त्याचाच. लाल ५७ बराच खाली निघाला. काकांना अडीच नंबरचा तयार चष्मा मिळाला, तो घालून आधी त्यांनी मला नीट बघितलं आणि म्हणाले, "बारीक झालात."

मग सान लोरेन्झो, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं मोठं चर्च. ९ फेब्रुवारी १९४१ ला ब्रिटिश नौदलाने शहरावर तोफा डागल्या तेव्हा एक गोळा इथे आत येऊन पडला पण फुटला नाही, तसलाच गोळा आत उभा करून ठेवलाय. ३८१ मिलीमीटर. लोक हात जोडत होते, काका वाकून त्याचं मशीनिंग बघत होते.

परतताना भूक लागलेली. बंदरासमोर सोत्तोरिपाच्या कमानी आहेत, पूर्वी समुद्र अगदी तिथवर होता. तिथे फरिनाता खाल्ला, चण्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह ऑइल, भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेला. बेसनाचा पोळाच की! "ओवा नाय, मिरची नाय," असं म्हणत काकांनी तीन तुकडे संपवले.

१७५० ला गँगवे चढलो.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये बघतो तर स्पॅनरच्या खणांवर लाल पेंटने नवे नंबर, जुने काळे तसेच शेजारी. १९ चा मागितला की काका चष्म्यावरून बघत विचारायचे, "रोस्सो का?"