गजकर्ण, केसपेपर आणि मंगळवारची खिडकी

जांघेत रुपयाएवढा चट्टा उठला तेव्हा घरात कुणाला सांगितलं नाही. पावसाळा, ओली जीन्स, लोकलमध्ये सव्वा तास घामाघूम उभं राहणं. घामोळं असेल म्हटलं. केमिस्टने दोन वाक्यांत ट्यूब काढून दिली. तिसऱ्या दिवशी खाज गायब, महिन्याभरात चट्टा पोटावर. त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही होतं. स्टेरॉइडने लाली आणि खाज दबते, बुरशी मात्र मोकाट सुटते. 2018 मध्ये अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आली. माझ्याकडे चिठ्ठी मागितली कुणी?

शेवटी सरकारी दवाखाना. त्वचा विभागाबाहेरच्या बाकावर सगळेच खाजवत होते, रिक्षावाले, कॉलेजची पोरं, एक आजी. माझी लाज तिथेच गेली. डॉक्टरबाईंनी एक नजर टाकली. "ट्यूब लावत होतात ना? गजकर्णाची कडच पुसून टाकलीत. दोन आठवडे काही लावू नका, मग कातडीची खरवड तपासू."

ते दोन आठवडे मी रात्री पंख्याखाली उघडा बसून काढले, ते जाऊ दे. पंधराव्या दिवशी गेलो, तर खरवड मंगळवार-शुक्रवारी, तीही अकराच्या आत. मंगळवारी रजा टाकून पावणेदहाला खिडकीवर हजर. "शिक्का कुठाय?" कसला? "बारा नंबरचा." बारा नंबरला कुलूप. साडेदहाला साहेब आले, त्यांना डॉक्टरांची सही हवी. डॉक्टर राउंडला. सही घेऊन धावत आलो तेव्हा अकरा वाजून चार मिनिटं झाली होती आणि आतला माणूस खिडकीचं दार ओढत होता. काच लागली. पलीकडे तो डबा उघडून बसला. त्या क्षणी मला खाजसुद्धा सुटली नाही, इतका संतापलो होतो. म्हणून सांगतो, सही-शिक्का आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

शुक्रवारी जमलं. बोथट पात्याने कडेचा पापुद्रा काचेवर खरवडला, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. त्यात कातडीचे कण विरघळतात, बुरशीचे धागे दिसतात. पाच मिनिटांचं काम!

बुरशी मारणाऱ्या इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल मिळाल्या. जेवणानंतरच घ्यायच्या, आणि ॲसिडिटीची गोळी सोबत नको, नाहीतर औषध अंगी लागत नाही. पूर्वी हमखास चालणाऱ्या टर्बिनाफिन या दुसऱ्या औषधाला आता बऱ्याच जणांची बुरशी दाद देत नाही, असं बाई म्हणाल्या. मलम चट्ट्याच्या दोन बोटं बाहेरपर्यंत लावायचं, डाग गेला तरी त्यांनी सांगेपर्यंत थांबवायचं नाही.

टॉवेल वेगळा, कपडे उन्हात. बायकोच्या मानेवरही एक चट्टा निघाला, तिचाही केसपेपर काढला (शिक्का आदल्या दिवशी!). आणि हो, विसरलोच: कमरेचा करगोटा काढा. ओलावा त्यातच धरून राहतो. माझा आईने बांधलेला होता. कात्रीने कापताना ती तोंड फिरवून उभी राहिली.